मोकळा बोळ

परवा सकाळी शाळेत शिकवायला निघालो आणि घराजवळच्याच बोळात सायकलवरून उतरलो. पुढे खड्डा नव्हता, चिखल नव्हता, कोणी आडवंही आलं नव्हतं... तरी उतरलो. तेव्हापासून कशात मन लागत नाही.

आमचा बोळ म्हणजे पूर्वी निव्वळ शिक्षा होती. उघडं गटार, वर आलेले दगड, आणि सकाळच्या वेळी मधोमध शेजारच्या नरसय्यामामांचा ताणा. मामा हातमागवाले. लुगड्याचे उभे धागे बोळभर ताणून ते आणि मामी त्यांना खळ लावायचे, कुंचल्यानं विंचरायचे.

ताणा ओलांडायचा नाही, त्याला धक्का लावायचा नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. सगळ्यांनी भिंतीला पाठ घासत जायचं. मीही सायकल खांद्यावर घेऊन जायचो, मनातल्या मनात चरफडत.

गेल्या वर्षी माझी आई खड्ड्यात पाय मुरगळून पडली. मग आम्ही सगळ्यांनी म्युनिसिपालिटीत अर्ज केला... मामांनीही हौसेनं अंगठा उठवला. गटार झाकलं गेलं, फरशी बसली. पायी जाणाऱ्यांची आणि आम्हा सायकलवाल्यांची चंगळ झाली. आई संध्याकाळी फेऱ्या मारू लागली.

पण फरशीच्या मागोमाग हुकूम आला, बोळात काही मांडायचं नाही. सकाळचा तेवढा वेळ तरी द्या, म्हणून मी आणि मामा साहेबांकडे जाऊन आलो. साहेब नाही म्हणाले. मामांनी ताणा गावाबाहेर माळावर नेऊन पाहिला, तर वाऱ्यानं धागे तटातट तुटले. घर एका खोलीचं, तिथे काय ताणणार? शेवटी माग विकला आणि या वयात मिलमध्ये रात्रपाळीला लागले.

मला वाईट वाटायचं. पण फरशीवरून सायकल छान पळायची, हेही खरं. घंटी वाजवत मी रोज मधून सुटायचो.

परवा मामा पाळी संपवून समोरून येत होते. डोक्यावर, मिशांवर कापूस. बोळ सगळा रिकामा... आणि मामा भिंतीला पाठ लावून, अंग चोरून, हळूहळू सरकत येत होते.

मी ब्रेक दाबला. "मामा, मधून या की. बोळ मोकळा आहे."

"व्हय मास्तर, दिसतंय की," ते थांबून म्हणाले. "लई झ्याक रस्ता झालाय. पण मधी पाय टाकवत न्हाय बगा... ताणा तुटंल असंच वाटतंय."

मी खाली पाहिलं. माझी सायकल बरोबर मधोमध उभी होती.

मग उतरलो. सायकल खांद्यावर घेतली आणि पलीकडच्या भिंतीला पाठ घासत मामांच्या समोरून निघून गेलो.

आई आता पडणार नाही, त्याचे उपकार मानतोच. पण त्या फरशीच्या मधून सायकल हाकायची माझी छाती होत नाही... कालही नाही झाली, आजही नाही.