झुलाल मिस्त्रींच्या लुगड्यावर उरलेल्या तीन वस्तू

धरणगावचे झुलाल मिस्त्री इंजिन उघडण्याआधी अंगणात जुनं लुगडं पसरायचे. जो भाग निघेल तो ओळीने त्यावर मांडायचा, जोडताना उलट्या टोकाकडून उचलत यायचं. काम संपलं की लुगडं रिकामं. पलीकडच्या गॅरेजातला वना उरलेले नटबोल्ट पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा. त्यामुळे मिस्त्री चारचौघांत म्हणत, "मना लुगडावर एक वायसर जरी उरनं, त्या दिवशी पाना खाली ठेवसू."

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात देवचंद नानांची जुनी अँबेसिडर आली. नानांना मुलाच्या साखरपुड्याला जळगावला जायचं होतं. आदल्या संध्याकाळी इंजिन जोडून झालं आणि लुगड्यावर तीन वस्तू उरल्या. नळीसारखा पितळी बुश, जाड वायसर आणि दोन बोटं लांबीचा बोल्ट.

मी शेजारचाच, नुकताच डिप्लोमा झालेला. पुस्तक घेऊन धावलो. आकृती पाहून म्हणालो, "काका, बुश पाण्याच्या पंपाचा असेल." पंप उघडला. त्याचा बुश जागेवर होता.

"तुन्हा पुस्तकमा दुसरी गाडी शे," मिस्त्री म्हणाले.

सकाळपर्यंत इंजिनखालचं तेलाचं चेंबरही उघडून झालं. सगळं जागच्या जागी. मिस्त्रींनी पाना पुसला आणि ओट्यावर ठेवून दिला. वनाला कळायला किती वेळ लागणार होता?

मला काही सुचेना म्हणून मी बोल्टच्या आट्यांत नख घातलं. पांढरा चुरा निघाला. मिस्त्रींनी तो जिभेवर ठेवला.

"रवा."

एवढ्यात परात घेऊन मिस्त्रींची बायको, मंजुळाकाकू, बाहेर आल्या. "मनी शेवायानी मशीनना बोल्ट, बुश, वायसर कोठे शेतस? काल धुईसन तुमना लुगडावरच वाळत ठेवेल होतात."

मिस्त्रींनी तिन्ही वस्तू खिशात टाकल्या, पाना उचलला आणि भराभर इंजिन परत जोडलं. नाना आले तेव्हा गाडी सुरू होती.

"काही उरनं नही ना?"

"तीन वस्तू उरन्यात," मिस्त्री म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "पन त्या गाडीन्या नहीत. शेवायान्या मशीनन्या शेतस."

नानांनी गाडीकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं आणि मागचं दार उघडलं. "बस मधमा. तू बी चाल."

मिस्त्री कळकट सदऱ्यावरच साखरपुड्याला गेले. गाडी जाऊन-येऊन कुठेही थांबली नाही. तिन्ही वस्तू मात्र त्यांच्या खिशातच जळगाव पाहून आल्या, आणि काकूंचं मळलेलं पीठ तोवर दगड झालं होतं.