आईचा हिरवा रणगाडा

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी नागपूरहून देवरीला आले होते. ऑपरेशन नीट झालं. चार वेळा थेंब टाकायचे आणि तिला चुलीजवळ जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. बाकी सगळा वेळ मी फोनकडे बघत असायची. आमच्या कंपनीतला एक विभाग बंद होणार होता. कोणाला ठेवणार आणि कोणाला नाही, ते फोन करून सांगणार होते. घरात रेंज धड नाही, म्हणून मी सारखी गच्चीवर जायची आणि उगाच खाली यायची.

तपासणीसाठी आम्ही गोंदियाला गेलो. डॉक्टरांनी आईच्या डोळ्यात औषध घालून तिला बाकावर बसवलं. मला बसवेना. मी बाजारात फिरायला निघाले आणि एका दुकानाच्या काचेत तो डबा दिसला. टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम, दोन रिमोट, पिवळी कॅसेट. आमचा होता अगदी तसाच. दुकानदारानं विचारलं, "बच्चों के लिए?" मी हो म्हटलं.

लहानपणी तो गेम बाबांनी रायपूरहून आणला होता. एकत्र कुटुंबाचं मोठं घर, पंधरा माणसांचा स्वयंपाक. दुपारी सगळे आडवे झाले की मी टीव्हीसमोर बसायची. मला एकटीला खेळायला आवडायचं नाही, म्हणून आईला ओढून आणायची. भांडी घासायची राहिलेली असली तरी मी तिचा पदर सोडत नसे. मग काकू म्हणायच्या, जा बाई, नाहीतर पोरगी घर डोक्यावर घेईल. रणगाड्यांचा गेम आमचा लाडका. पडद्याच्या तळाशी विटांच्या आड एक पक्षी असायचा. तो गरुड होता म्हणे, आम्ही त्याला कोंबडी म्हणायचो. शत्रूनं कोंबडी मारली की खेळ संपला. माझा पिवळा रणगाडा सगळीकडे भटकायचा. आईचा हिरवा कोंबडीजवळून हलायचा नाही, नुसता गोळ्या झाडत राहायचा. तेवढ्या जोरावर आम्ही कितीतरी पायऱ्या पार करायचो. पुढे हॉस्टेलमध्ये, ऑफिसात, कधी व्हिडिओ गेमचा विषय निघाला की मी अभिमानानं सांगायची, माझी आई फार छान खेळायची.

घरी येऊन मी वायरी जोडल्या. तीच सुरावट वाजली आणि अंगावर काटा आला. पण दुसऱ्याच पायरीवर कोंबडी मेली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेली. लहानपणी मी तासन्‌तास मांडी मोडत नसे. आता मध्येच फोन उचलून बघायची, तेवढ्यात कुठूनतरी गोळी यायची. चौकोनी रणगाडे फार हळू सरकतात असं वाटायचं. आई काळा चष्मा लावून खाटेवर पडली होती. आवाजावरूनच तिला कळायचं. "मेली का व?" ती विचारायची.

दुसऱ्या दिवशी फोन आला. निर्णय पुढच्या आठवड्यात कळवू, एवढंच कंपनीतल्या बाई म्हणाल्या. मी खाली आले आणि पुन्हा रिमोट घेतला. जोरजोरात बटणं दाबली. हरले. उठून पाणी प्यायले, गच्चीवर जाऊन आले, परत बसले, परत हरले.

"काऊन एवढी उठबस करून राहिली?" आई म्हणाली.

मी दुसरा रिमोट तिच्यापुढे धरला. म्हटलं, तू ये ना, पहिल्यासारखी कोंबडी सांभाळ, एकटीनं जमत नाही मला.

तिनं तो हातात घेतलाच नाही. "मले कुठे येते तो खेळ," ती म्हणाली.

मला वाटलं, डोळ्यांमुळे म्हणत असेल. मी तिला आठवण करून दिली, किती पायऱ्या पार करायचो आपण. ती हसली. मग उठून बसली आणि अगदी सहज म्हणाली, "बाई, मी बटन दाबून धरून बसल्या बसल्या झोपत होती. पहाटेपासून उभीच राहो. तू ओढून नेलं की कोणी काही म्हनत नोहतं. तेवढंच बसनं व्हे."

तिचा रणगाडा का हलत नव्हता, ते मला इतक्या वर्षांनी कळत होतं. "आणि मला कधी दिसलं कसं नाही?" मी विचारलं.

"तुये डोळे टीव्हीत," ती म्हणाली.

मला हसू आलं. ज्या दुपारी मी आम्हा दोघींच्या म्हणून जपल्या होत्या, त्यात खेळत मी एकटीच होते. आणि तरी ती रोज येत होती. कधीकधी तर मी ओढायच्या आधीच हात पुसून येत होती, हेही मग आठवलं. हे चांगलं वाटावं की वाईट, ठरवता येईना. मी टीव्ही बंद केला.

मी नागपूरला परतल्यावर कंपनीचा फोन आला. नोकरी राहिली, दुसऱ्या विभागात. पण त्या दिवशी ते काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळी आई बाहेर ओट्यावर जाऊन बसली. हायवेवरून ट्रक जात होते, समोरच्या अंगणात कोणीतरी शेळ्या बांधत होतं. मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं फोन बघायला उठले. परत आले, पुन्हा उठले. मी येताना दिसले की आई जरा सरकायची आणि जागा करून द्यायची.