ग्लेनिसचे घाईचे हात

ग्लेनिस टनिक्लिफ माझी शेजारीण. आमच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते बहुतेक त्या भिंतीवरूनच कळलेलं. लिहायची मला सवय नाही. काही निसटलं तर ग्लेनिस सुनावेलच. ती गप्प बसणारी नव्हे.

इंग्लंडातल्या लाँगटन गावी चिनी मातीच्या कारखान्यात ती कपांना कान लावायची. मी तिथेच भट्टीवर होतो. कानाला ओल्या मातीचं बोट लावायचं, तो टेकवायचा, अंगठ्याने दाबायचा आणि कप फळीवर ठेवायचा. मजुरी डझनामागे, त्यामुळे तिचा हात कधी थांबला नाही. जेवणाच्या सुट्टीतही ती अर्धी उभीच असायची.

मग कारखाना बंद पडला. साठीकडे झुकलेल्या बाईला कुणी कामावर घेईना. मुलगा म्हणाला, "घर विक आणि ब्रिस्टलला आमच्याकडे ये." ते तिला नको होतं. मला म्हणाली, "सुनेच्या स्वयंपाकघरात मी काय करू, बर्नार्ड? पाहुणीसारखी खुर्चीत बसू?"

त्याच हिवाळ्यात नगरपालिकेने रोजगाराची योजना काढली. बेकार कामगारांना नवं काम शिकवायचं, मग त्यांनी एखाद्या ठिकाणी आठवडाभर काम करून दाखवायचं आणि पसंत पडलं तर नोकरी. फराह महमूद नावाची तरुण अधिकारी हे सगळं बघायची. ग्लेनिसने वृद्धांच्या सेवेचं काम निवडलं. कारखान्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "देवा, म्हाताऱ्यांना वाचव रे!"

शिकवणी पार पडली आणि ती एल्मफील्ड वृद्धाश्रमात गेली. पहिल्याच दिवशी दुपारच्या आत भिंतीपाशी परत उभी.

"लवकर सुटलीस?"

"घालवून दिलं."

सकाळी तिच्याकडे एक मजला सोपवला होता. लापशी शिजायच्या आत तिने सगळ्यांना धुऊन-पुसून, कपडे चढवून, भांग पाडून भिंतीशी ओळीत बसवलं. तोंडं सगळ्यांची एकाच दिशेला.

"आणि मिस्टर मॅचिनची दाढी केली. न विचारता. त्यांना मिशी होती."

"होती म्हणजे?"

"होती म्हणजे आता नाही."

मला हसू फुटलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून मी ते आवरलं.

"आश्रमाच्या प्रमुख ब्रिंडलीबाई म्हणाल्या, ही माणसं आहेत, फळीवरचे कप नव्हेत. खरंच आहे रे त्यांचं."

फराहने मध्ये पडून तिला आणखी एक आठवडा मिळवून दिला. तो शेवटचा. त्यातही जमलं नाही तर ब्रिस्टल.

त्या रविवारी ग्लेनिस दाढीचं सामान घेऊन माझ्या घरी आली. "बस इथे. तू सांगशील तेव्हाच हात हलवीन."

माझी बायको एडना गेल्यापासून माझ्या तोंडाला कुणाचा हात लागला नव्हता. मला अवघडल्यासारखं झालं, पण बसलो.

"आता?"

"थांब."

"आता?"

"अगं, पाणी तर जरा निवू दे."

"मेल्या, मुद्दाम करतोयस तू!"

"आणि आश्रमातले म्हातारे करणार नाहीत?"

ती हसली, पण डावा हात तिने उजव्यावर दाबून धरला होता.

सोमवारी ती आश्रमात गेली, तर मिस्टर मॅचिननी तिला आपल्या खोलीच्या दारातच अडवलं. "ही बाई नको."

"चुकलं माझं. तुम्ही सांगाल ते करते."

"मग बाहेर बस."

ती बाहेर खुर्ची घेऊन बसली. ब्रिंडलीबाई जाता-येता बघत होत्या. मंगळवारीही तेच. संध्याकाळी भिंतीवरून मला म्हणाली, "हात रिकामे ठेवून असं कधी दमले नव्हते रे."

बुधवारी आतून हाक आली. "ए बाई! बटण लागत नाहीये."

ती आत गेली. त्यांनी दाखवलं तेवढं एकच बटण लावलं आणि थांबली. मॅचिन म्हणाले, "आता बाकीची मी लावायची का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"लाव." मग त्या सदऱ्याची गोष्ट सुरू झाली. तो कुठे घेतला, कुणाच्या लग्नात घातला. गोष्ट संपेपर्यंत त्यांच्या न्याहारीचं अंडं गार झालं होतं.

शुक्रवारी ब्रिंडलीबाईंनी तिला बोलावलं. "एका माणसामागे तू अख्खी सकाळ घालवतेस. हे मला परवडणार नाही."

ग्लेनिसने कोट उचलला.

"अगं, ठेव तो. पहिल्या दिवसाची तू आणि आत्ताची तू, यांच्या मधली कुणी सापडेल का?"

"शोधते."

"मग सोमवारपासून कायमची ये. पण मॅचिनना आधी तूच विचार."

ती वर गेली आणि त्यांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले. ग्लेनिसने घाई केली नाही.

"ये," ते शेवटी म्हणाले. "पण दार वाजवून."