‘सेट’चा अध्याय

वडिलांनी मला इंग्रजी शिकवायला घेतलं, हा माझ्या मॅट्रिकच्या वर्षातला सगळ्यात मोठा ताप. नवा प्रांत नुकताच झाला होता. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही बुऱ्हाणपूरवाले अलीकडे हिंदी मुलखात राहिलो, आणि कचेरीत वीस वर्षं इंग्रजी मसुदे लिहिलेल्या माझ्या वडिलांना आता सगळं हिंदीत लिहा म्हणून सांगण्यात आलं. त्यांचं इंग्रजी बिनकामाचं झालं. ते बिनकामाचं इंग्रजी घेऊन ते माझ्यामागे लागले.

माझं इंग्रजी कच्चं होतं, हे खरंच. पास झाले तर खंडव्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं, नापास झाले तर मामांनी आणलेलं धूलकोटचं स्थळ पक्कं करायचं, असं घरात ठरलं होतं. स्थळ वाईट नव्हतं, केळीची मोठी बाग होती. पण मला त्या बागेत जन्म काढायचा नव्हता. मला शाळेत शिकवायचं होतं, आणि त्याची मधली पायरी म्हणजे इंग्रजीचा पेपर.

वडिलांकडे एक जाडजूड डिक्शनरी होती. घरातल्या पोथ्यांसारखीच तीही लाल फडक्यात बांधून देवघराच्या फळीवर असायची. तापीच्या राजघाटावरून आंघोळ करून आले की ते ती चौरंगावर सोडायचे, खुणेचं मोरपीस काढायचे आणि मला समोर बसवायचे. नियमही पोथीचेच. अध्याय काढला की पुरा करायचा. आज संपला नाही तर उद्या तिथूनच पुढे. मधलं गाळायचं नाही आणि एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. एक शब्द म्हणजे एक अध्याय. अशी पारायणं करणारा माणूस तापीकाठी एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला.

छोटी क्रियापदं सोपी असतात, असं त्यांचं मत. ‘सिट’ दोन दिवसांत आटोपलं. मग त्यांनी ‘सेट’ काढलं. एवढासा शब्द, म्हटलं उद्या संपेल. होळी झाली तरी ‘सेट’ चालूच.

सुरुवातीचे चार दिवस नुसतं त्याच्या कुळात गेले. जुन्या इंग्रजीत ‘सेट्टन’, म्हणजे बसवणे. आणि त्याच्याही मागे गेलं की आपला संस्कृतातला ‘सद्’ धातू त्याचा भाऊबंद निघतो, तोच तो सदनातला आणि सभासदातला. हे सापडलं त्या दिवशी वडील इतके खुश झाले की शेजारच्या कापडवाल्याला बोलावून सांगितलं, “भैयाजी, हा साहेबाचा शब्द तर आपल्या घरचाच निघाला.” कापडवाल्याने “वाह” म्हटलं आणि तो दुकानात गेला. मला जाता येत नव्हतं.

मग अर्थ सुरू झाले. सोनार खडा बसवतो ते सेट. मोडलेलं हाड जागेवर आणतात ते सेट. आईचं दही लागतं तेही सेट, घड्याळ लावतात तेही सेट, सूर्य मावळतो तेही, माणूस प्रवासाला निघतो तेही आणि कुणाचं घर पेटवतात तेही. एका शब्दाने किती कामं अंगावर घ्यावीत याला काही ताळतंत्र असतं की नाही? एखादा शब्द असा पुढे पुढे करू लागला की मला आजही त्याचा राग येतो. वडील मात्र प्रत्येक अर्थ दोनदा वाचायचे, वहीत उतरवून घ्यायचे, आणि मोरपीस दोन बोटं पुढे सरकायचं.

शेवटी आईच कातावली. “पोरीची परीक्षा सर पे आली, अन् तुम्ही एका शब्दाले धरून बसले. निबंध कवा शिकवाल?”

“अध्याय पुरा होऊ दे,” वडील म्हणाले.

“दादा,” मी वडिलांना म्हटलं, “पेपरात हा शब्द एकदा तरी येईल का?”

“आला तर पुरा येईल ना तुले, बेटा. अर्धं टाकून उठायची सवय लागली की माणूस कशाचाच राहत नाही.”

परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘सेट’ संपलं. आईने नारळ फोडला. निबंध, पत्र, व्याकरण सगळं तसंच राहिलं होतं. मी खोबरं खाल्लं आणि परसात जाऊन रडले.

पेपरात पहिला प्रश्न भाषांतराचा, भलामोठा उतारा. मी लिहायला लागले. एका वाक्याशी अडले. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. पुढचे प्रश्न दिसत होते, त्यातले दोन तर मला चांगले येत होते. पण हात पुढे जाईना. अर्धं टाकून उठायचं नाही, हे माझ्या हाडांत किती मुरलंय ते मला तिथे कळलं, आणि वडिलांचा असा संताप आला की डोळ्यांपुढे अक्षरं दिसेनात. मधली घंटा झाली. धूलकोटची बाग समोर उभी राहिली. मी त्या अर्ध्या वाक्याखाली रेघ मारली आणि पान उलटलं.

घरी आले तर वडील दारातच उभे. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं एवढंच, “पहिला प्रश्न पुरा झाला?”

मी म्हटलं, “हो, पुरा झाला.”

वडिलांशी मी बोललेलं ते पहिलं खोटं. त्यांनी डोळे मिटून देवघराकडे हात जोडले.

निकाल लागला. इंग्रजीत काठावर का होईना, पास झाले. खंडव्याला गेले, मास्तरीण झाले. आणि पुढे आयुष्यभर वडील राजघाटावर भेटेल त्याला सांगत राहिले, “पोरीने एक प्रश्न अर्धा सोडला नाही, म्हणून पास होऊन निघाली.” मी सोबत असले की मान हलवायची. दर वेळी मनात चिडायची, आणि दर वेळी मान हलवायची.