सरोजिनीबाईंकडच्या नऊ किल्ल्या

शनिवार पेठेतल्या 'श्रीनिधी' इमारतीत बारा बिऱ्हाडं होती, आणि त्यांपैकी नऊ बिऱ्हाडांच्या किल्ल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजिनीबाई आगाशे यांच्याकडे असत. हे कोणी सभा घेऊन ठरवलं नव्हतं. आधी घरोघरची दोन्ही माणसं नोकरीला जायला लागली, मग हिंजवडीच्या कंपन्या आल्या, त्यांच्या बसेस सकाळी आठला कोपऱ्यावरून माणसं उचलून नेऊ लागल्या, आणि दिवसा इमारतीत उरली ती नुसती कुलपं. गॅसचा सिलिंडर मात्र दुपारी साडेबारालाच यायचा. त्याला हिंजवडीशी काही देणंघेणं नव्हतं. तेव्हा एकेकानं येऊन "काकू, एक किल्ली ठेवाल का?" असं विचारलं, आणि "ठेवीन, पण माझ्या पद्धतीनं," असं बजावून काकूंनी ती ठेवून घेतली.

त्यांची पद्धत म्हणजे लेबल. बाईंनी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं. लेबल नसलेली बाटली विषाची समजायची, हे वाक्य त्यांच्या हाताखालून गेलेल्या पुण्यातल्या निम्म्या बायका आजही झोपेतून उठून म्हणून दाखवतील. तेव्हा प्रत्येक किल्लीला जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर वळणदार अक्षरात सगळी माहिती. सात नंबरच्या किल्लीवर लिहिलं होतं: 'फ्लॅट ७. गंधार व स्पृहा साने. वरचे कुलूप, दोनदा फिरवणे. सकाळी ८ ते रात्री ८ घरी कोणी नसते. गॅस मागील गॅलरीत.' यात चूक काढायला जागा नव्हती, हीच काय ती चूक होती.

बाकी सुरक्षिततेच्या बाबतीत बाईंचा हात धरणारं पेठेत कोणी नव्हतं. जिन्यात त्यांच्या सूचना चिकटवलेल्या असत. 'खालचे दार लोटून घ्यावे. चोर बेल वाजवत नाही. आज्ञेवरून.' 'आपण चार दिवस गावाला चाललो आहोत हे दूधवाल्यास जिन्यातून ओरडून सांगू नये. आज्ञेवरून.' 'अनोळखी माणसाशी साखळी लावूनच बोलावे. सभ्य असेल तर रागावणार नाही. आज्ञेवरून.' ही आज्ञा नक्की कोणाची, हे विचारायची टाप कोणात नव्हती.

सात नंबरची स्पृहा तेवढी कधीमधी तोंड उघडायची. ती कंपनीत लोकांच्या पासवर्डांची राखण करायचं काम करी. बडोद्याच्या मुलीला पत्र लिहिता यावं म्हणून तिनंच बाईंना जुना कॉम्प्युटर बसवून ईमेल शिकवली होती. चार दिवसांनी येऊन बघते तर पडद्याच्या चौकटीवर लेबल: 'पासवर्ड: पोटॅशियम. सर्व अक्षरे लहान.' स्पृहानं कपाळाला हात लावला आणि ते लेबल खरवडून काढलं.

"काकू, किल्ल्यांवरची नावंपण काढा ना. नुसते आकडे लिहा, आणि आकड्यांची लिस्ट दुसरीकडे ठेवा. किल्ली कुणाला सापडली तरी त्याला घर सापडता कामा नये."

"सापडायला मी ती हरवली पाहिजे," बाई म्हणाल्या.

"बरं. आणि तुमची किल्ली कुणाकडे असते?"

"माझी? माझ्याकडे."

"म्हणजे तुम्हाला घरात काही झालं तर?"

"तुझी कंपनी आज लवकर सुटली वाटतं," असं म्हणून बाईंनी विषय संपवला. यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, पण आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे आपण म्हातारे झालो असं कबूल करायचं, आणि तेवढी वेळ अजून आलेली नव्हती.

बाहेर जाताना मात्र त्यांच्या जिवाला चैन नसे. घर बंद, आणि आत भिंतीवर नऊ घरांच्या किल्ल्या टांगलेल्या, हे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी एक उपाय काढला होता. बाहेर पडताना सगळ्या किल्ल्या जांभळ्या खणाच्या पिशवीत घालायच्या आणि ती पिशवी बरोबर न्यायची.

दोन हजार चार सालच्या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी त्या विजेचं बिल भरून मंडईत गेल्या, शेंगा आणि कोथिंबीर घेतली आणि अकराच्या सुमाराला परत आल्या. रुमालाच्या टोकाला बांधलेली स्वतःची किल्ली सोडता सोडता त्यांनी सवयीनं खणाची पिशवी चाचपली. पिशवी नव्हती. हातातली मोठी पिशवी त्यांनी तिथंच जिन्यात उपडी केली. शेंगा पायऱ्यांवरून खाली गेल्या. खणाची पिशवी नव्हतीच. आणि मग त्यांना आठवलं, की बिलाची पावतीही तिच्यातच घडी करून ठेवली होती. पावतीवर इमारतीचं नाव, घरक्रमांक, पेठ, सगळं छापलेलं. किल्ल्या, कोणती कुठली, कोण केव्हा घरी नसतं, आणि यायचं कुठं, एवढं सगळं एका पिशवीत त्यांनी स्वतःच्या हातानं भरून दिलं होतं.

पहिला विचार मंडईत पळत जायचा. पण जाऊन यायला पाऊण तास, आणि पाऊण तासात नऊ घरं धुऊन नेता येतात. दुसरा विचार फोनचा. फोन घरात, दुसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीत शिरायचं दार एकच, खाली. वर गेलं की खालचं दार सुटतं. बाईंनी घरातून लाकडी खुर्ची ओढत खाली आणली आणि दारात मांडली. बसल्या, पण बसवेना. तीन मिनिटांनी उठल्या, फोन करायला जिना चढू लागल्या, पहिल्या मजल्यावर पोचल्या तोच खाली पावलं वाजल्यासारखी वाटली, म्हणून पुन्हा उतरल्या. कुत्रं होतं. असं चार वेळा झालं. गुडघे ओरडू लागले. आणि फोन करून सांगायचं तरी काय? 'मी आज्ञेवरून बोलतेय, तुमची किल्ली चोराला दिली'?

एक कुरियरवाला आला. बाईंनी त्याला पाच प्रश्न विचारले, त्याचं ओळखपत्र चष्म्याला लावून वाचलं आणि पाकीट स्वतःकडे ठेवून त्याला हाकललं. एक माणूस समोरच्या फुटपाथवर उभा राहून वर गॅलऱ्यांकडे बघत होता. त्या त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या, तेव्हा तो वरमून म्हणाला, "बस केव्हा येते हो?" चुलीवर दूध ठेवून बाहेर आल्यासारखा त्यांचा जीव सारखा मागं-पुढं होत होता.

साडेबाराला गॅसवाला उत्तरेश्वर आला. उत्तरेश्वर मस्के, परांड्याकडचा. सहा वर्षं या इमारतीत सिलिंडर चढवत होता. त्यातल्या एकाही दिवशी बाईंनी त्याला एकट्याला कोणाच्या घरात शिरू दिलं नव्हतं. कुलूप त्या काढत, दारात उभ्या राहत, कुलूप त्याच लावत. त्याबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला नव्हता.

"काकू, सात नंबरची टाकी हाय. किल्ली घेता का?"

"आज नको. उद्या आण."

"नंबर लावल्याला हाय त्यांनी. मागारी न्यावी लागंल."

"ने मग!" बाई ओरडल्या. "आणि तुला आजच कशी सात नंबरची किल्ली पाहिजे?"

शब्द निघून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय विचारलं. उत्तरेश्वरनं खांद्यावरची टाकी खाली ठेवली. मग त्यानं जिन्यात विखुरलेल्या शेंगा बघितल्या, दारातली खुर्ची बघितली.

"किल्ल्या हरवल्या व्हय, काकू?"

चौतीस वर्षं वर्गापुढं उभी राहिलेली ती बाई खुर्चीवर बसली आणि तिला रडू आलं.

त्यानं फार विचारलं नाही. कुठं कुठं गेला होतात, शेवटी पिशवी कुठं काढली, एवढंच. मंडईत शेंगा घेताना सुटे पैसे तिच्यातनं काढले, हे बाईंना तेव्हा कुठं आठवलं. तो म्हणाला, गाडीवर चौदा टाक्या हायत, त्या टाकल्याबिगर जाता येणार नाय, मग बघतो. बाईंनी मान हलवली. तो सात नंबरची टाकी उचलून गेला आणि लगेच त्यांच्या मनात आलं: आता यालाही कळलं. ते मनात आल्याची त्यांना लाज वाटली, पण आलं ते आलंच. जेवण झालं नाही. दोनदा फोनपर्यंत पोचल्या आणि नंबर न फिरवताच परत आल्या. चार वाजता त्यांनी नऊच्या नऊ दारांची कुलपं हातानं ओढून बघितली.

साडेपाचला उत्तरेश्वर आला, आणि त्याच्या हातात जांभळी पिशवी होती.

"शेंगावाल्या इंदुबाईच्या पोत्याखाली सरकली हुती. तिला वाचाया येत न्हाई. म्हनली, ज्याची आसंल त्यो यील. मोजून घ्या, काकू."

बाईंनी मोजल्या. त्याच्यासमोर मोजल्या. नऊ. पावतीही होती. शेवटची किल्ली त्यांनी दोनदा मोजली.

"झालं मग," तो हसून म्हणाला. "आता कुनाला सांगायचं काय काम नाय. मी बोलनार न्हाई. टांगा वर जागच्या जागी."

बाईंना एकदम हलकं वाटलं. खरंच, कोणाला कळणार होतं? सात-आठपर्यंत सगळे घरी येतील, कुलपं उघडतील, टीव्ही लावतील. उत्तरेश्वर निघाला आणि बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. पिशवी सहा-सात तास मंडईत होती. पोत्याखाली किती वेळ होती आणि त्याआधी कुठं, ते इंदुबाईलाही सांगता आलं नसतं. त्यात कोणी एखाद्या किल्लीचा साबणावर ठसा घेतला असेल, आणि दिवाळीत कोणाच्या घरातून काही गेलं, तर? दार फोडलेलं नसेल. मग लोक पहिलं नाव कोणाचं घेतील? जो दर महिन्याला घरात शिरतो त्याचं. बाईंना याची खात्री होती, कारण दुपारी पहिलं नाव त्यांनीच त्याचं घेतलं होतं.

त्या वर गेल्या, पुठ्ठा घेतला आणि लिहायला बसल्या.

'आज सकाळपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत आपल्या नऊ घरांच्या किल्ल्या, नावांच्या लेबलांसह, माझ्या चुकीने मंडईत हरवल्या होत्या. गॅसचे श्री. उत्तरेश्वर मस्के यांनी त्या शोधून परत आणल्या. मधल्या वेळात त्या कोणाच्या हाती पडल्या हे मला माहीत नाही. सर्वांनी आजच कुलपे बदलावीत. पुढे कोणाचे काही गेले तर जाब मला विचारावा, त्यांना नाही.'

शेवटी सवयीनं हात 'आज्ञे' इथवर गेला. त्यांनी ते खोडलं आणि खाली लिहिलं, 'सरोजिनी आगाशे, फ्लॅट ५.' खाडाखोड असलेली सूचना त्यांनी जन्मात कधी लावली नव्हती. ती तशीच लावली.

संध्याकाळी एकेक जण वर येऊन आपली किल्ली घेऊन गेलं. कोणी "असू द्या, काकू" म्हणालं, कोणी किल्ली खिशात टाकून लगेच उतरलं. बुधवार पेठेतून कुलूपवाला आला आणि जिन्यात दोन तास ठोकाठोक चालली. साडेनऊला स्पृहा आली.

"नवी किल्ली आम्ही… गंधार नको म्हणतोय, काकू. तुमच्याकडे ठेवायला."

"बरोबर आहे त्याचं."

"आणि तो म्हणतोय, त्या गॅसवाल्यालापण आता…"

"खाली काय लिहिलंय ते वाचता येत नाही का त्याला?" बाई कडाडल्या. "इंजिनिअर आहे ना? पुन्हा वाच म्हणावं."

स्पृहा मान खाली घालून गेली. बाईंनी दार लावलं, साखळी अडकवली. भिंतीवर नऊ रिकामे खिळे होते. त्यांच्याकडे बघवेना म्हणून त्यांनी दिवा मालवला, पुन्हा लावला, आणि स्टूल ओढून कपाटाच्या वरच्या खणातून एक जुना डबा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला स्पृहा बस गाठायला धावत जिना उतरत होती, तर बाई खाली दारातच उभ्या होत्या. त्यांनी तिचा हात धरला आणि तळव्यावर एक किल्ली ठेवली. स्पृहानं ती उलटसुलट करून बघितली.

"ही कुठली, काकू? हिच्यावर काहीच लिहिलेलं नाही."

"माझी आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "लक्षात ठेव."