गिअरबॉक्सचं माप मीच घेतलं होतं

मंगळवारी सकाळी डिचोलीबाहेरच्या एका भंगार यार्डात मी भांडले. पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर, चांगला आवाज चढवून... मला ओळखणाऱ्यांना खरं वाटणार नाही.

आमच्याकडे मिलिटरी डिस्पोजलचा एक जुना ट्रक आहे. माझे मिस्टर मूळचे सावंतवाडीकडचे, सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आले. ते काम थांबल्यावर आम्ही हा ट्रक लिलावात घेतला आणि त्यावर पाण्याची टाकी बसवली.

सर्वणच्या बाजूला डोंगरावर चौदा घरांची एक वाडी आहे. उन्हाळ्यात तिथं नळाला पाणी येत नाही आणि तो चढ साध्या टँकरला चढवत नाही. आमचा चढतो, कारण इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते.

दोन आठवड्यांपूर्वी त्याच चढावर गिअरबॉक्स गेला. केसिंगला एवढी मोठी चीर की सगळं तेल रस्त्यावर. गॅरेजवाला म्हणाला, हा दुरुस्त होणार नाही, दुसरा शोधा.

आता मिलिटरीच्या ट्रकचा गिअरबॉक्स बाहेरून साध्या ट्रकसारखाच दिसतो, पण बसत नाही. मी लग्नाआधी आयटीआयला मशिनिस्टचा कोर्स केलाय, दोन वर्षं वर्कशॉपमध्ये कामही केलंय. त्यामुळे गॅरेजच्या लादीवर बसून माप मीच घेतलं.

क्लच प्लेट ज्या शाफ्टवर बसते त्यावर दहा खाचा. शाफ्टची जाडी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर... आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केसिंगच्या बाजूला एक चौकोनी खिडकी. टाकी भरायचा पंप तिथूनच फिरतो. ती नसेल तर ट्रक चढ चढेल, पण रिकामा!

सगळं कागदावर लिहून, आकृती काढून आम्ही दोघं यार्डात गेलो. मालकानं कागद हातातसुद्धा घेतला नाही. "वहिनी, तुमी थंय सावळेंत बसात. हांव दादाकडेन उलयतां." मग ह्यांना म्हणाला, सेम टू सेम आहे माझ्याकडे, डोळे झाकून घेऊन जा.

आणि ह्यांनी मान डोलावली. माप कोणी घेतलंय हे पक्कं माहीत असलेल्या माणसानं! मी दोनदा म्हटलं, आधी मोजून बघू... तोवर बॉक्स पिकअपमध्ये चढलासुद्धा.

गॅरेजमध्ये उतरवून बघितलं. खाचा चौदा. खिडकी नाहीच.

ह्यांनी फोन लावला, स्पीकरवर. मालक म्हणतो, "दादा, वहिनीन माप चुकीचें दिलें." जो कागद त्यानं बघितलाच नव्हता, त्यात चूक! त्यानंतर त्यानं आमचा फोन उचलणंच बंद केलं.

दुसरीकडे शोधण्यात सहा दिवस गेले. वाडीतल्या बायका खालच्या विहिरीवरून कळशा वाहत होत्या. शनिवारी आनंदीकाकी त्या चढावर घसरल्या आणि मनगट मोडलं. वय बहात्तर.

भेटायला गेले तर त्याच मला विचारतात, "तुजो ट्रक बरो जालो काय गो?" मला मान वर करवेना.

म्हणून मंगळवारी तो बॉक्स परत पिकअपमध्ये घालून निघाले. हे म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, या... पण बोलणार मी.

मालकाला म्हटलं, खडू घ्या, एका खाचेवर खूण करा आणि मोजा. मोठ्यानं.

"आतां हें कित्याक, वहिनी?"

"मोजा."

गिऱ्हाइकं बघत होती म्हणून मोजलं त्यानं. चौदा. मग मी कागद त्याच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, इथं किती लिहिलंय? "धा," म्हणाला, आणि ह्यांच्याकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघतंस?" हे म्हणाले. "माप तिना घेतला. तिका सांग."

तेवढ्यात मागून आवाज आला. यार्डातले जुने कामगार, पेडण्याचे बाबलोमामा, हातातला पाना खाली ठेवून पुढं आले. "मालक, बाय म्हणटा तसलो एक फाटल्यान आसा. मिलिटरीच्या लॉटांतलो."

फाटल्यान... म्हणजे त्याच यार्डात, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पहिल्या दिवशी मला सावलीत बसायला सांगितलं होतं तिथून पन्नास पावलांवर! कागद एकदा वाचला असता तर त्याच दिवशी काम झालं असतं. काकींचं मनगट शाबूत राहिलं असतं.

मी खाली बसून मोजलं. खाचा दहा. खिडकी होती, तिच्या कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. भोकांमधलं अंतर कागदाबरहुकूम.

मालकानं बॉक्स बदलून दिला. माफी मात्र नाही. "चूक जाता केन्ना केन्नाय," होते चूक कधीकधी, एवढंच म्हणाला, आणि तेही ह्यांना...

परतताना हे म्हणाले, "माका त्याच दिवशी बोलाक व्हया होता." मी म्हटलं, होय.

काल ट्रक वर गेला. काकींच्या पिंपात पाणी सोडलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं पाईप धरला, उजवा प्लास्टरमध्ये. ते प्लास्टर बघून डोक्यात परत सणक गेली. चार ओळी वाचायच्या होत्या हो, फक्त चार.

बाबलोमामांचे मात्र मनापासून आभार. मी भांडून घरी आले. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच मालकाकडे कामावर जायचं होतं, तरी बोलले.