पिसाळलेलं इंजिन

लळिंगच्या घाटात केळीची गाडी मागे पडते, म्हणून ड्रायव्हरला माझ्या धुळ्याच्या गॅरेजात इंजिनाच्या पंपातून येणारं डिझेल वाढवून हवं होतं. टर्बो जुना आहे, फुटेल, असं मी बजावलं. मी जेवायला गेलो आणि त्याने स्वतःच पान्याने पंपाचा स्क्रू फिरवला.

परतलो तर टर्बो फुटलेला आणि इंजिन त्यातून स्वतःचंच ऑइल पिऊन पिसाळलेलं. चावी काढली तरी थांबेना. मी इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर फळी दाबली. नळीने ती अशी ओढली की माझी बोटं मधे चिरडली, तेव्हा कुठे इंजिन गुदमरून मेलं.

ड्रायव्हर म्हणाला, "पन ताकद वाढनी ना, भाऊ?"

त्याच रक्ताळल्या हाताने मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. घाटात मागून केळीच्या गाडीने हॉर्न दिला, की तो हात अजून शिवशिवतो.